वणव्याची भरपाई : मथळ्यातला आकडा आणि हातात पडणारी रक्कम

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात परदेशातील वणव्यांवर नुकताच एक लेख आला होता. वणवा हा मुख्यतः निसर्गाचा कोप आहे आणि जळीतग्रस्तांनी वीज कंपन्यांना व सरकारांना न्यायालयात खेचण्याची जी लाट आली आहे ती 'भरपाईचा बाजार' आहे, असा त्या लेखाचा एकूण सूर होता. त्यातील हवामानविषयक भाग माहितीपूर्ण होता आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. भरपाईविषयीचा भाग मात्र एकांगी वाटला. आगीच्या नुकसानीचे मूल्यमापन करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे त्यावर थोडे सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले तर कात्री आपल्या हाती आहेच.

दुष्काळ, वाळलेले गवत आणि सोसाट्याचा वारा यांच्यावर फिर्याद करता येत नाही, हे खरे. आग किती पसरेल हे पुष्कळ अंशी तेच ठरवतात. परंतु कायद्यात दायित्वाचा प्रश्न आग किती पसरली येथून सुरू होत नाही. ती कोठे लागली, कशाने लागली आणि ती वस्तू कोणाच्या ताब्यात होती, येथून सुरू होतो. कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ रोजी 'कॅम्प फायर' नावाच्या ज्या वणव्यात जवळजवळ संपूर्ण जळाले, त्या आगीत ८५ माणसे मृत्युमुखी पडली आणि १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. पाऊस लांबला होता, हवा कोरडी होती, वारा जोराचा होता. हे सगळे लेखकाच्या म्हणण्याला पुष्टी देणारेच आहे. तपासात मात्र जे हाती लागले ते वेगळे होते. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीची १९२१ मध्ये उभारलेली एक उच्चदाबाची वाहिनी, तिच्या एका मनोऱ्यावर तारेचा भार तोलणारा एक पोलादी आकडा, आणि तो आकडा सुमारे शंभर वर्षे एकाच छिद्रात घासत राहून झिजत गेलेला. तो तुटला, विजेची तार मनोऱ्याला लागली, आणि वितळलेल्या धातूचे कण खालच्या वाळक्या झुडपांत पडले. जून २०२० मध्ये कंपनीने ८४ व्यक्तींच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा न्यायालयात स्वतः कबूल केला. तिला झालेला दंड सुमारे ३५ लाख डॉलर होता, कारण कायद्याची कमाल मर्यादाच तेवढी होती. फौजदारी कायदा एवढे करून थांबतो. घर, दुकान, जनावरे, हातचा रोजगार यांची भरपाई मागायची तर दिवाणी न्यायालयाची पायरी चढण्यावाचून गत्यंतर नसते आणि ती चढणाऱ्याला बाजारबुणगा ठरवणे अन्यायाचे आहे.

त्या पायऱ्याही सर्वत्र सारख्या नाहीत. निष्काळजीपणा सिद्ध करणे हा सगळीकडचा नेहमीचा मार्ग. तारेखालची झाडे तोडली नव्हती, खांबांची तपासणी केली नव्हती, वाऱ्याचा इशारा असूनही वीज बंद केली नव्हती, हे दाखवावे लागते आणि त्याची कागदपत्रे बहुतेक वेळा प्रतिवादीच्याच कपाटात असतात. कॅलिफोर्नियात याखेरीज आणखी एक मार्ग आहे. सार्वजनिक उपयोगासाठी खासगी मालमत्ता घेतली किंवा तिची हानी केली तर योग्य मोबदला दिला पाहिजे, हे तेथील राज्यघटनेतील तत्त्व १९९९ मध्ये अपिली न्यायालयाने खासगी मालकीच्या वीज कंपनीलाही लागू केले. वीज सर्वांसाठी वाहून नेली जाते, तेव्हा तिच्यापायी एखाद्याचे घर जळाले तर तो भार त्या एकट्याने न सोसता सर्व ग्राहकांमध्ये वाटला जावा, अशी त्यामागची विचारसरणी आहे. या वाटेने गेल्यास कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. आग तिच्या यंत्रणेतून लागली एवढे पुरते. अर्थात ही सोय मालमत्तेपुरती आहे, मृत्यू आणि इजा यांच्यासाठी पुन्हा नेहमीचाच मार्ग. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये, रस्त्यावर तुटून पडलेल्या वीजवाहक तारेने एका सायकलस्वाराचा जीव गेला त्या प्रकरणात, धोकादायक वस्तू वाहून नेणाऱ्याचे दायित्व निष्काळजीपणावर अवलंबून नाही, असेच म्हटले होते. म्हणजे हा विचार परका नाही.

लेखकाने हे दावे 'आजकालचे फॅड' म्हटले आहे, त्याला इतिहासाचा आधार नाही. वीज येण्याआधी वणव्यांच्या खटल्यांत आरोपीच्या जागी आगगाडी असे. १८६६ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एक दावा आला. रेल्वे इंजिनामुळे कंपनीची स्वतःची लाकडाची वखार पेटली आणि तिथून सुमारे १३० फुटांवरचे एका माणसाचे घर जळाले. वखार जळणे हा निष्काळजीपणाचा थेट परिणाम आहे, घर जळणे हा दूरचा परिणाम आहे, असे म्हणून न्यायालयाने घरमालकाला रिकाम्या हाती परत पाठवले. असा नियम सर्वत्र रूढ झाला असता तर वणव्याची भरपाई कोणालाच मिळाली नसती, कारण वणव्यात सगळी घरे 'दुसरी'च असतात. पुढे कायदा वळला. इंग्लंडने १९०५ च्या कायद्याने इंजिनाच्या ठिणग्यांनी शेताचे व पिकाचे नुकसान झाल्यास रेल्वेला १०० पौंडांपर्यंत जबाबदार धरले, मग इंजिन कायद्याने दिलेल्या अधिकारात चालवलेले का असेना.

त्याहून बोधप्रद प्रकरण अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे आहे. १२ ऑक्टोबर १९१८ रोजी त्या राज्याच्या उत्तर भागात क्लोके आणि मूस लेक परिसरात लागलेल्या आगींत सुमारे साडेचारशे माणसे दगावली. ठिणग्या रेल्वेच्या होत्या. पण त्याच वेळी इतर कारणांनी लागलेल्या आगीही होत्या आणि त्या वाऱ्याने एकमेकींत मिसळल्या. आमची आग नसती तरी दुसऱ्या आगीने घर जळालेच असते, असा बचाव रेल्वेने घेतला. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हा बचाव बिनतोड आहे, आणि नेमका म्हणूनच घातक, कारण दोन आगी लावणारे दोघेही असेच म्हणून मोकळे होतील. १९२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : प्रतिवादीची आग नुकसानीला कारणीभूत होणारा एक भरीव घटक असली, की दायित्व आले. आज अनेक देशांत कार्यकारणभावाची जी कसोटी विद्यार्थ्यांना शिकवली जाते तिचे मूळ या जळालेल्या शेतांत आहे. निकाल बाजूने लागला, तरी पैसे? महायुद्धामुळे रेल्वे तेव्हा केंद्र सरकारच्या ताब्यात होती. सरकारने तडजोडीत नुकसानीचा काही भाग दिला आणि उरलेली रक्कम अमेरिकी काँग्रेसने कायदा करून दिली ती १९३५ मध्ये. सतरा वर्षांत किती दावेदार हयात राहिले असतील याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता पुराव्याकडे येतो, कारण माझ्या मते सगळी मेख तेथे आहे आणि वृत्तपत्रांत त्याविषयी जवळजवळ काहीच येत नाही. आगीचा पुरावा नाशवंत असतो. वीजपुरवठा लवकर पूर्ववत व्हावा म्हणून दुरुस्तीची माणसे येतात, तुटलेला खांब, जळालेली तार, निकामी झालेला फ्यूज उचलून नेतात, आणि त्यात त्यांचा काही वाईट हेतू असेलच असे नाही. पण आग कोठे व कशी लागली हे सांगणारी वस्तू त्याबरोबर गेली की दावा लंगडा पडतो. म्हणून पहिल्या काही दिवसांतच, या वस्तू आणि नोंदी जशाच्या तशा जपून ठेवा, अशी लेखी नोटीस वकिलामार्फत देणे अत्यावश्यक असते. हवाईतील मावी बेटावरील लाहैना हे शहर ८ ऑगस्ट २०२३ रोजी जळाले, शंभराहून अधिक लोक मेले. त्या आगीचा अधिकृत अहवाल यायला पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडला. सकाळी तुटून पडलेल्या तारांमध्ये पुन्हा वीज सोडल्याने लागलेली आग विझली असे समजून अग्निशमन दल परतले आणि दुपारी तीच आग पुन्हा भडकली, असा त्याचा निष्कर्ष होता. सकाळची आग आणि दुपारची आग एकच की दोन, या एका मुद्द्यावर हजारो कुटुंबांची भरपाई लटकलेली होती.

दुसरा पुरावा नुकसानीचा, आणि तो देण्याची जबाबदारी ज्याचे सर्वस्व गेले त्याच्यावरच येते. 'यादी करा' हे दोन शब्द ऐकायला सोपे आहेत. पूर्ण जळालेल्या घरात सर्वेक्षकाला काय दिसते ते सांगतो. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे दारातल्या मोटारीची चाके वितळून उताराच्या दिशेने ओघळलेली आणि मातीवर चकाकत्या पट्ट्यासारखी थिजलेली असतात. पोलादी सांगाडा उभा असतो. काचा ओघळून दुमडलेल्या असतात. यावरून आगीची धग किती होती ते कळते. पण कपाटात काय होते ते कळत नाही. मालकाला दूरचित्रवाणी संच, सोफा, दागिने लगेच आठवतात. पडदे, पांघरुणे, औषधे, मुलांची दप्तरे, मोरीतल्या बादल्या, स्वयंपाकघरातले वाट्या-चमचे आठवत नाहीत, आणि या न आठवलेल्या वस्तूंची एकत्र किंमत पुष्कळदा आठवलेल्या मोठ्या वस्तूंइतकीच भरते. म्हणून खोली, कपाट, खण या क्रमाने डोळे मिटून फिरावे. नातेवाइकांच्या फोनमधील समारंभाची छायाचित्रे मागवून त्यांच्या पार्श्वभूमीला काय दिसते ते पाहावे. बँकेचे उतारे आणि दुकानांतील खरेदीच्या नोंदी काढाव्यात. यादी एकदा सादर केली की नंतर भर घालणे अवघड जाते आणि समोरचा पक्ष त्या भरीकडे संशयाने पाहतो.

जी घरे उभी राहिली त्यांचे हाल वेगळेच. भिंती शाबूत, म्हणून विमा कंपनी म्हणते फक्त साफसफाई करा. पण आजूबाजूची शेकडो घरे, वाहने आणि रंगरसायने जळालेली असतील तर त्यांची राख छताच्या पोकळीत आणि वातानुकूलन यंत्राच्या नळ्यांत शिरलेली असते आणि तिच्यात शिसे आणि ॲस्बेस्टॉस असू शकते. नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय हे दिसत नाही, आणि तपासणीचा खर्च कोणी करायचा यावर महिनेच्या महिने जातात. झाडांची गतही तशीच. जुने झाड म्हणजे लाकडाचे घनफूट एवढाच हिशेब धरला तर मालकाच्या तोंडाला पाने पुसली जातात. जमिनीची उतरलेली किंमत धरायची, की तसे झाड पुन्हा वाढवण्याचा खर्च धरायचा, यावर रक्कम दहापट बदलू शकते.

मथळ्यांतल्या आकड्यांविषयी मला अधिक कळकळीने लिहायचे आहे. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिकने जानेवारी २०१९ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला आणि पुढे जळीतग्रस्तांसाठी १३.५ अब्ज डॉलरचा विश्वस्त निधी ठरला, ही बातमी जगभर छापून आली. त्यातली निम्मी रक्कम रोख होती आणि निम्मी त्याच कंपनीच्या शेअरच्या रूपात, हे किती ठिकाणी छापले गेले? ज्या कंपनीच्या तारेने घर जाळले तिचा शेअर वर जावा अशी प्रार्थना जळीतग्रस्तांवर करायची वेळ आली. दावेदार सुमारे ७० हजार होते. दावा मंजूर झाल्यावर पहिल्या टप्प्यात मंजूर रकमेच्या ३० टक्के मिळाले, मग ४५, मग ६०, आणि २०२४ पर्यंत हे प्रमाण दोन-तृतीयांशाच्या आसपास पोचले. त्याच तडजोडीत विमा कंपन्यांना, त्यांनी ग्राहकांना आधी दिलेल्या रकमांपोटी, ११ अब्ज डॉलर मिळणार होते. विमेदाराला पैसे दिल्यावर त्याच्या जागी उभे राहून दोषी पक्षाकडून ते वसूल करण्याचा हक्क विमा कंपनीला असतो. हा हक्क रास्त आहे, पण एकूण रक्कम मर्यादित असली की जळीतग्रस्त आणि त्याचीच विमा कंपनी एका ताटात वाढलेल्यावर हक्क सांगू लागतात. लाहैनाच्या ४ अब्ज डॉलरच्या तडजोडीचे घोडे नेमके येथेच अडले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने, विमा कंपन्यांना तडजोडीनंतर वेगळा दावा लावता येणार नाही, त्यांनी विमेदाराला मिळणाऱ्या रकमेतूनच आपला वाटा मागावा, असे सांगितले तेव्हा वाट मोकळी झाली.

यातून वकिलाचे शुल्क वजा होते. रकमेतील ठरलेला हिस्सा घेण्याच्या पद्धतीत ते साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाते. लेखकाचा रोष येथे असेल तर मी काही अंशी त्याच्याशी सहमत आहे. राख निवायच्या आत जाहिराती घेऊन येणारे वकील मलाही पटत नाहीत. मात्र ऑस्ट्रेलियातील ७ फेब्रुवारी २००९ च्या, 'ब्लॅक सॅटर्डे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वणव्यांपैकी किलमोर ईस्ट येथील आगीचा सामूहिक दावा पाहा. न्यायालयात दोनशेहून अधिक दिवस साक्षी-पुरावे चालले, तेव्हा कोठे सुमारे ४९ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड होऊन डिसेंबर २०१४ मध्ये तिला मंजुरी मिळाली. एखाद्या शेतकऱ्याने एकट्याने वीज कंपनीविरुद्ध एवढे दिवस तारखा केल्या असत्या, हे संभवत नाही. आणि हाती आलेल्या भरपाईवर कर? अमेरिकेत २०२० ते २०२५ या वर्षांत मिळालेल्या वणव्याच्या भरपाईला, वकिलाच्या शुल्कासह, प्राप्तिकरातून सूट देणारा केंद्रीय कायदा डिसेंबर २०२४ मध्ये झाला. तोपर्यंत अनेकांना दुष्काळात तेरावा महिना सोसावा लागला.

दोषी सरकारच असेल तर? न्यू मेक्सिकोत २०२२ मध्ये अमेरिकेच्या वन विभागानेच जंगलातील जळाऊ काडीकचरा कमी करण्यासाठी ठरवून लावलेली एक आग हाताबाहेर गेली. दुसरी आग तर जानेवारीत पेटवलेल्या ढिगांची होती. ती बर्फाखाली तीन महिने धुमसत राहिली आणि एप्रिलमध्ये वर आली. दोन्ही एकत्र होऊन त्या राज्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा वणवा झाला. धोरणात्मक निर्णयांबाबत सरकारवर दावा लावता येत नाही, हे संरक्षण आड येणार हे स्पष्ट असल्याने अमेरिकी काँग्रेसने त्याच वर्षी सप्टेंबरअखेर खास कायदा करून भरपाईचे स्वतंत्र कार्यालय उघडले. त्यातही मानसिक त्रासाची आणि हिरावलेल्या जीवनशैलीची भरपाई मिळते की फक्त पैशात मोजता येणाऱ्या नुकसानीची, यावर पुन्हा न्यायालयात जावे लागलेच, आणि निकाल जळीतग्रस्तांच्या बाजूने लागला. ते न्यायालयात गेले नसते तर कार्यालयाचा अर्थच अंतिम ठरला असता.

मुदतीचा मुद्दा थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियात मालमत्तेच्या नुकसानीसाठी तीन वर्षे आणि इजा वा मृत्यूसाठी दोन वर्षे मिळतात. परंतु प्रतिवादी नगरपालिका किंवा सरकारी खाते असेल तर अनेक प्रकारच्या नुकसानीसाठी आधी सहा महिन्यांत लेखी मागणी दाखल करावी लागते. तंबूत किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या माणसाचे सहा महिने कसे जातात ते त्याला कळतही नाही. याच काळात कंपन्यांचे थेट भरपाईचे प्रस्तावही येतात. लॉस एंजेलिसजवळच्या जानेवारी २०२५ च्या ईटन आगीनंतर सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीने अशी योजना त्याच वर्षी सुरू केली. पैसे लवकर मिळतात हा तिचा फायदा खरा आहे आणि वयोवृद्ध माणसाला तो मोलाचा असू शकतो, पण प्रस्ताव स्वीकारला की दाव्याचा हक्क सोडावा लागतो. नुकसानीचा पूर्ण अंदाज येण्याआधी अशा कागदावर सही करू नये, एवढेच मी कोणालाही सांगेन.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. वणव्याच्या बातमीत किती एकर जंगल जळाले आणि तडजोड किती अब्जांची झाली हे आपण छापताच. यापुढे तडजोडीच्या बातमीबरोबर ती रक्कम किती दावेदारांत वाटायची आहे, त्यातली रोख किती, विमा कंपन्यांचा वाटा किती, आणि वर्षभराने प्रत्यक्ष किती वाटप झाले, हे चार आकडेही छापावेत. ते न्यायालयांच्या आणि विश्वस्त निधींच्या अहवालांत उपलब्ध असतात. ते छापले गेले तर 'भरपाईचा बाजार' हा शब्दप्रयोग योग्य की अयोग्य, हे वाचक स्वतः ठरवू शकतील.

आपला नम्र,
एक निवृत्त सर्वेक्षक